दोन बोटांचे अंतर

आमचे काका मुंबई सॅपर्समधून हवालदार होऊन निवृत्त झाले आणि परसात वांगी-मिरची लावू लागले. त्यांचे खुरपणे हा घरात थट्टेचा विषय होता. गवताची एक काडी उपटायची, तिथल्या मातीकडे क्षणभर पाहायचे आणि मग दुसरी. "भावजी, असं खुरपलं तर दिवाळी उजाडेल," असे आई म्हणायची. काका नुसते हसत.

मी एन.सी.सी.त गेलो तेव्हा त्यांना सहज विचारले, "काका, भूसुरुंग कसा काढतात हो?" माझे सारे ज्ञान सिनेमातले. लाल तार कापायची की निळी, एवढाच प्रश्न मला ठाऊक! उत्तर न देता त्यांनी त्या रात्री रिकाम्या वाफ्यात डब्याची काही झाकणे पुरली. किती, ते सांगितले नाही. सकाळी माझ्या हातात आईची विणायची सुई देऊन म्हणाले, "पोटावर पड."

आधी डोळ्यांनी पाहायचे. माती कुठे भुसभुशीत आहे, गवत कुठे सुकले आहे. मग अडखळतार लागते का, ते हाताने हळुवार चाचपायचे. त्यानंतर सुई. ती सरळ खुपसायची नाही, तिरपी सरकवायची, साधारण तीस अंशांत. सुरुंगाला दाब कळतो तो माथ्यावर. कुशीला सुई लागली तर तो सहसा झोपलेलाच राहतो. काही लागले नाही तर दोन बोटे सोडून पुन्हा सुई. लागले तर बोटांनी कडेची माती काढायची. जागच्या जागी उडवता येत असेल तर उडवायचा. नाहीतर गळ अडकवून दुरून दोरीने ओढायचा, कारण खाली दुसरा सापळा असू शकतो. तपासलेल्या वाटेच्या कडेला पांढरी फीत.

"पण यंत्र असतं ना?" मी विचारले. असते. दुसऱ्या महायुद्धात कोसात्स्की नावाच्या पोलिश अधिकाऱ्याने बनवलेले यंत्र एल अलामीनला वापरले गेले. पण ते खिळ्यालाही ओरडते आणि काडतुसाच्या टरफलालाही. आणि प्लास्टिकच्या सुरुंगात धातू असतो जेमतेम. शेवटी माणसाला गुडघे टेकावेच लागतात.

कारवारजवळच्या चेंडिया गावचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे याच सॅपर्समधले. एप्रिल 1948 मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर त्यांच्या तुकडीवर तोफगोळे पडले. दोन जवान गेले, पाच जखमी झाले, त्यांत राणे स्वतः. तरी रणगाड्यांना वाट करून देण्याचे काम 8 ते 11 एप्रिल चालू राहिले, कधी रात्री दहापर्यंत. परमवीरचक्र मिळाले ते यासाठी. एवढ्या गोळीबारात हात इतका सावकाश कसा चालला असेल, याचे मला राणेंच्या शौर्याहूनही नवल वाटते.

तासाभरात मी हातभर जमीन तपासली. मान अवघडली. मग काका आत गेलेले पाहून बोटांचे अंतर वीतभर झाले, हे कबूल करतो. दुपारी तीन झाकणे घेऊन ऐटीत म्हणालो, "झालं!"

"मग चल त्यावरून."

चाललो. काही वाजले नाही. काकांच्या चेहऱ्यावर मात्र आनंद दिसेना. त्यांनी चार पुरली होती. पेरूच्या झाडापासून पावले मोजून त्यांनी चौथ्याची जागा खणली. तिथे नव्हते. रात्री वळवाचा पाऊस होऊन वाफ्याची माती उताराकडे गेली होती.

काका तिथेच बसले. बऱ्याच वेळाने बोलले. डिसेंबर 2001 मध्ये संसदेवर हल्ला झाल्यावर सीमेवर सैन्य गेले, सुरुंग पेरले गेले. 2002 च्या अखेरीस ते काढायची पाळी आली. आपलेच सुरुंग, आपलाच नकाशा; पण राजस्थानात वाळू सरकते. काकांच्या जोडीदाराने नकाशाबरहुकूम सगळे मोजून काढले होते. एक कमी भरला. तो शोधताना त्याचा डावा पाय घोट्यापासून गेला. "माझ्यापेक्षा हात हलका होता त्याचा," काका म्हणाले.

ते झाकण अजून सापडलेले नाही. काका रोज सकाळी सुई घेऊन वाफ्याशी बसतात. चहा आई तिथेच नेऊन देते.