ग्राहकाचे म्हणणे

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. पुतण्याचा परवा फोन आला होता, "काका, नव्या गाडीबद्दल लिहिणार होतात ना?" तर लिहितो. पण पेढ्यांची वाट बघू नका.

२०२४ च्या पाडव्याला गाडी घेतली. चिपळुणात राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या मास्तरला आता गाडी कशाला, असं काहींना वाटलंच. पण आमच्या हिला दमा. डेरवणला दर महिन्याला तपासणी, आणि रिक्षातली धूळ तिला सोसत नाही. निवृत्तीचे साठवलेले पैसे काढले. शोरूममध्ये हार, नारळ, फोटो, सरबत... सगळं साग्रसंगीत.

ऑगस्टमध्ये गाडीला कुबट वास यायला लागला. पुढच्या डाव्या सीटसमोरचा गालिचा हाताला ओला. म्हणजे हिचीच जागा! डेरवणला पोचेपर्यंत ही खोकून बेजार.

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने गालिचा सुकवून दिला. "काका, कोकणातला पाऊस, छत्रीचं पाणी असणार." आठ दिवसांत पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला म्हणाला, "चिपळूणची गाडी ना? पुराचं पाणी शिरलं असेल. ते वॉरंटीत बसत नाही." आता काय बोलावं? आमचा पूर २२ जुलै २०२१ चा. पाणी आमच्या घरात होतं, ती तारीख मला कोणी सांगायला नको. गाडी आली त्यानंतर पावणेतीन वर्षांनी!

त्यावर हसून सोडून दिलं असतं. पण जॉबकार्ड वाचलं आणि हसू गेलं. त्यावर ग्राहकाची तक्रार लिहायचा रकाना असतो. मी सांगितलं होतं, "डावीकडे पाणी साचतं, वास येतो, पत्नीला त्रास होतो." दोन्ही वेळा लिहिलं होतं, 'जनरल चेकअप, आतली सफाई'. चौतीस वर्षं पेपर तपासले, पण मुलाने दिलेलं उत्तर परीक्षकानेच बदलल्याचं कधी पाहिलं नव्हतं. काम समाधानकारक झालं, या ओळीखाली मी सही केली नाही, तर तो मुलगा दुखावल्यासारखा झाला.

मी मराठी-इतिहासवाला. शाळेतले विज्ञानाचे जुने सहकारी मदतीला आले. डिसेंबरात, पावसाचा थेंब नसताना, गालिच्यावर वर्तमानपत्र पसरलं. तीन दिवस एसी बंद ठेवून गाडी फिरवली. कागद कोरडा. पुढचे तीन दिवस एसी लावला. कागदाचा लगदा! एसीत हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं, ते नळीने गाडीखाली पडायला हवं. नळी निसटली की आत गळतं. तारखा लिहिल्या, फोटो काढले.

तिसऱ्या खेपेला म्हटलं, माझं म्हणणं शब्दशः लिहा, मग किल्ली देतो. नऊला गेलो होतो, साडेअकराला मॅनेजर आले आणि लिहून झालं. नळी निसटलेलीच होती. वीस मिनिटांत बसवली.

पण गालिच्याखालच्या नमद्याला तोवर काळी बुरशी आली होती. "गालिचा झिजणारी वस्तू, वॉरंटी नाही." अहो, तो झिजला कुठे? तुमच्या नळीने कुजवला! १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. डीलरचं उत्तर आलं : पहिल्या दोन भेटींत ग्राहकाने गळतीची तक्रार केलेली नाही. सोबत पुरावा म्हणून तीच दोन जॉबकार्डं.

ही म्हणाली, "अहो, पुरे आता." मुलगा पुण्याहून म्हणाला, "बाबा, नवीन गालिचा घालून टाका, डोक्याला ताप नको." पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे, दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. वकील लावलाच पाहिजे असं नाही. पाच ते दहा लाखांच्या खरेदीला शुल्क दोनशे रुपये. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती हे संकेतस्थळही आहे. तक्रार मी मराठीत लिहिली, चार पानं, शुद्धलेखन दोनदा तपासून. मुलाने ती चढवून दिली.

गालिचा मात्र नवा घातला. हिला डेरवणला न्यायचं होतं. साडेआठ हजारांची पावती तक्रारीला जोडली आहे.