अकराही पॉझिटिव्ह

पेशंटचं सीरम ज्यांच्याशी ताडून बघतात, त्या पॅनलमधल्या अकराही पेशी पॉझिटिव्ह आल्या की अँटिबॉडी शोधणाऱ्याला खरा घोर लागतो. जेल कार्ड उजेडापुढे धरावं, तर प्रत्येक नळीत लाल पट्टी वरच अडकलेली. फक्त पेशंटच्या स्वतःच्या पेशी तेवढ्या तळाशी नीट बसलेल्या. म्हणजे हे रक्त स्वतःवर उलटलेलं नाही. आधी कधीतरी चढवलेल्या पिशवीत त्याला काहीतरी परकं भेटलंय, आणि ते जवळपास सगळ्यांकडेच आहे.

तेवढ्यात वॉर्डातून फोन येतो : "मॅडम, ओ पॉझिटिव्हच तर आहे, मग अडलंय कुठं?"

अडलेलं सांगायला वेळ लागतो. दर दोन-चार आठवड्यांनी रक्त घेणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांत तीन-चार अँटिबॉडी एकत्र असल्या, तरी पॅनल असंच दिसतं. ते आधी निस्तरायचं. मग पेशींना पपेन लावायचं. रिॲक्शन नाहीशी झाली, डीटीटी लावूनही गेली, की संशयितांच्या यादीत अँटी-इन-बी वर येते. 'इंडियन' रक्तगटातली, जवळपास सगळ्यांकडे असणाऱ्या इन-बीविरुद्धची ही अँटिबॉडी. या गटातला इन-ए १९७३ साली मुंबईतच नोंदला गेला. १९५२चा डॉ. भेंड्यांचा बॉम्बे ग्रुप सगळ्यांना पाठ असतो. या मुंबईकराला मात्र कुणी विचारत नाही. पॅनलच्या पेशीही बहुधा परदेशी दात्यांच्या, त्यात इन-बी निगेटिव्ह कुठून मिळणार? म्हणून नमुना परळच्या एनआयआयएच या राष्ट्रीय संस्थेकडे जातो.

निदान पक्कं होईपर्यंत मी हातावर हात ठेवून बसत नाही. नातेवाइकांना विचारते, "सख्खी भावंडं किती?" आई-वडील बहुधा दोघंही वाहक असतात, त्यामुळे प्रत्येक भावंड इन-बी निगेटिव्ह असण्याची शक्यता चारात एक. त्यात पुन्हा एबीओ जुळायला हवा. दूरच्या दात्याआधी गावाकडचा भाऊ गाठावा, या मताची मी आहे.

पुढे काही महिन्यांत अँटिबॉडी इतकी उतरू शकते की स्क्रीनिंग निगेटिव्ह येतं. किड गटातल्या तर यासाठी बदनामच. मग दुसऱ्या दवाखान्यात कुणी क्रॉसमॅच बघून निर्धास्तपणे पिशवी लावतं आणि आठवड्याभरात डोळे पिवळे, हिमोग्लोबिन खाली. म्हणून आम्ही अँटिबॉडी कार्ड देतो. लोक ते लॅमिनेट करून रेशनकार्डाशेजारी जपून ठेवतात, आणि दवाखान्यात येताना नेमकं घरी राहतं. हल्ली मी समोर उभं राहून दोन नातेवाइकांच्या मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढायला लावते.