बत्तीस मिलिमीटरवरची वाफ

वेल्समधील फेस्टिनिओग, इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील लिंटन-बार्नस्टेपल आणि सह्याद्रीतील नेरळ-माथेरान या तीन रेल्वेंना जोडणारा धागा म्हणजे त्यांच्या दोन रुळांमधील जेमतेम दोन फुटांचे अंतर. एका फुटाला १६ मिलिमीटर असे प्रमाण धरले, की हे अंतर ३२ मिलिमीटरवर येते, आणि एवढ्याच रुंदीचे रूळ ब्रिटनमधील कित्येक घरांच्या परसबागांत, नेच्यांच्या सावलीतून आणि दगडी बांधांच्या कडेने, आजही अंथरलेले आढळतात. त्यांवरून धावणाऱ्या ज्या इंजिनांना ‘लाइव्ह स्टीम’ म्हटले जाते, त्यांच्या बॉयलरमध्ये खरे पाणी असते, पाण्याखाली किंवा पाण्यातून जाणाऱ्या नळीत खरा जाळ असतो, आणि चाके फिरतात ती त्या जाळाने उठवलेल्या वाफेच्या दाबानेच. अशी जुनी इंजिने मिळवणे आणि ती पुन्हा चालती करणे हा छंद वरवर खेळण्यांचा वाटला, तरी त्याच्या मुळाशी एक गंभीर प्रश्न आहे: जी वस्तू चालताना झिजते आणि न चालता निरर्थक ठरते, तिचे जतन कशाला म्हणावे?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एक भौतिक सत्य ध्यानी घ्यावे लागते, ते असे की यंत्र लहान करता येते, वाफ करता येत नाही. मूळ इंजीन सर्व बाजूंनी १९ पटींनी लहान केले, तर बॉयलरचा पृष्ठभाग ३६१व्या हिश्श्यावर येतो, पण आत मावणारे पाणी जवळजवळ सात हजाराव्या हिश्श्यावर उतरते. म्हणजे तेवढ्याच पाण्याच्या वाट्याला उष्णता गमावणारा पृष्ठभाग मूळच्या एकोणीस पट येतो. म्हणूनच छोट्या इंजिनात वाफ नळ्यांमध्येच निवू लागते, गाडी सुटताना धुराड्यातून धुराऐवजी गरम पाण्याचे शिंतोडे उडतात, आणि खऱ्या इंजिनाला जी झुळूक जाणवलीही नसती, तिने स्पिरिटच्या वातीची निळी ज्योत विझून जाते. मूळ यंत्राची हुबेहूब प्रतिकृती त्यामुळे अनेकदा चालतच नाही. जे इंजीन चांगले चालते, त्यात कोणा कारागिराने निसर्गाशी केलेली तडजोड दडलेली असते, आणि ती ओळखणे हे संग्राहकाचे पहिले काम होय.

अशा तडजोडींवरून विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात मोठे वाद झाले. नॉर्थॅम्प्टनच्या बॅसेट-लोक या संस्थेने, प्रारंभी न्यूरेंबर्गच्या बिंग या कारखान्याकडून इंजिने बनवून घेऊन, श्रीमंत घरांपर्यंत ही वाफ पोहोचवली. पुढे १९२०च्या दशकात एका रेल्वे कंपनीची आद्याक्षरे टोपणनाव म्हणून घेतलेल्या ‘एलबीएससी’ या लेखकाने ‘मॉडेल इंजिनिअर’ या नियतकालिकात आग्रहाने मांडले, की नीट आखलेला कोळशाचा बॉयलर अगदी लहान आकारातही भरपूर वाफ देऊ शकतो. त्याचे ‘आयेशा’ हे अडीच इंची गेजचे, म्हणजे तेवढ्या रुळांतराचे, इंजीन एका प्रौढ माणसाला ओढत असे, आणि त्या दृश्यानंतर प्रतिवादाला फारशी जागा उरली नाही.

बागेतील रेल्वे सामान्य मिळकतीच्या घरांत शिरली ती मात्र त्याहून कितीतरी साध्या इंजिनामुळे. बर्मिंगहॅम परिसरात १९३७मध्ये सुरू झालेल्या मॅमॉड या कारखान्याने १९७०च्या दशकाच्या अखेरीस चार चाकांचे एक छोटे इंजीन बाजारात आणले, ज्यात घन इंधनाच्या वड्या जाळल्या जात आणि ज्याचे सिलिंडर झुलते होते. झुलता सिलिंडर एका खिळीवर मागेपुढे डुलतो, आणि डुलताना त्याचे छिद्र आळीपाळीने वाफ येण्याच्या व जाण्याच्या वाटेसमोर येते, त्यामुळे वेगळी झडप लागत नाही. ही रचना स्वस्त होती आणि तितकीच हट्टी: इंजीन एक तर उभे राही, नाही तर वळणावर उलटण्याइतक्या वेगाने धावे. पण याच उणिवांनी एक कारागीर परंपरा जन्माला घातली. मालकांनी वड्यांच्या जागी गॅसचा बर्नर बसवला, दाबमापक जोडला, सिलिंडर बदलले, आणि असे सुटे भाग पुरवता पुरवता लहान कार्यशाळाही उभ्या राहिल्या. जपानच्या ॲस्टर कंपनीने १९७५पासून ४५ मिलिमीटर रुळांसाठी काढलेली इंजिने सौंदर्यात आणि अचूकतेत कितीतरी वरची आहेत. तरीही या छंदाचे ऋण मोजायचे झाले, तर ते त्या ओबडधोबड मॅमॉडकडेच अधिक निघते.

जुने इंजीन हाती आल्यावर त्याची परीक्षा बॉयलरपासून सुरू होते, कारण रंग आणि अलंकार थांबू शकतात, दाब थांबत नाही. दर चौरस इंचाला ४० पौंड या नेहमीच्या दाबाला वाफेचे तापमान सुमारे १४० अंश सेल्सिअस असते, आणि आत पाणी आहे तोवर तांबे त्याहून फारसे तापत नाही. पाणी संपले आणि ज्योत मात्र जळत राहिली, तर धातू झपाट्याने तापतो. कथील-शिशाची मऊ झाळ १८३ अंशांनंतर वितळू लागते, तर चांदीची झाळ सहाशे अंशांपर्यंत टिकाव धरते. म्हणून ओघळलेली झाळ दिसली, की ते इंजीन कधीतरी कोरडे जळले आहे हे जाणत्याला न सांगता कळते. पितळी फिटिंग गुलाबी दिसू लागले असेल, तर त्यातील जस्त निघून गेले आहे आणि उरलेला धातू ठिसूळ आहे असे समजावे. आतला क्षारांचा थर लिंबूसत्त्वाच्या सौम्य द्रावणाने काढल्यावर बॉयलर थंड पाण्याने काठोकाठ भरतात आणि हातपंपाने नेहमीच्या दीडपट, बॉयलर नवा असल्यास दुप्पट, दाब देतात. पाणी जवळजवळ दाबले जात नसल्यामुळे त्यात फारशी ऊर्जा साठत नाही, आणि एखादा सांधा सुटलाच तर स्फोट न होता तिथून नुसते पाणी झिरपते.

त्यानंतरची कामे सावकाशीची असतात, आणि त्यांतले सर्वांत देखणे यंत्र बहुधा वंगणाचे ठरते. बॉयलरकडून येणारी थोडी वाफ तेलाच्या चिमुकल्या टाकीत निवते, तिचे पाणी जड असल्याने तळाशी बसते, आणि तेवढेच तेल वर ढकलले जाऊन सिलिंडरकडे निघते. यात एकही हलता भाग नाही, आणि फेरी संपल्यावर तळाशी जमलेले पाणी पाहून किती तेल खर्ची पडले हे अचूक सांगता येते. थंडीच्या दिवसांत गॅसच्या टाकीची वेगळी काळजी घ्यावी लागते, कारण आतील द्रव गॅस उडताना टाकीलाच गारठवतो, दाब घसरतो आणि ज्योत मलूल होते. टाकीभोवती कोमट पाणी ठेवणे हा त्यावरचा जुना, खात्रीचा उपाय.

खरा मतभेद रंगापाशी होतो. स्पिरिटवर चालणाऱ्या इंजिनाच्या कडेच्या टाक्यांवर ज्योतीने उठवलेले फोड आणि धुराड्यामागचा करपलेला रंग घासून काढावा, की राहू द्यावा? बाजारात कधीही न पेटवलेल्या इंजिनाला अधिक मोल मिळते, आणि हे मोल या वस्तूच्या स्वभावाशी विसंगत आहे, कारण ज्या बॉयलरने जाळ पाहिलाच नाही त्याच्या कारागिराच्या तडजोडी अजून सिद्ध व्हायच्या आहेत. करपलेला रंग ही त्या सिद्धतेची नोंद असते. तो उखडून गंज आत शिरत नसेल, तर त्याला हात न लावणेच उचित. बॉयलरच्या बाबतीत मात्र ही उदारता चालत नाही. तिथे मूळ असण्यापेक्षा सुरक्षित असणे श्रेष्ठ, आणि संशयास्पद बॉयलर बदलणे हा जतनाचाच भाग ठरतो.

मग मालकांनी फेरफार केलेल्या मॅमॉडचे काय करावे? त्याला कारखान्यातून निघालेल्या रूपात परत नेणे शक्य असते, पण तसे केल्यास एखाद्या अनाम हाताने कानशीने घडवलेला रेग्युलेटर आणि घरच्या लेथवर कातलेली झडप यांचा इतिहास पुसला जातो, आणि हाच इतिहास या छंदाला घडवणारा आहे. म्हणून सुज्ञ पुनरुद्धारक अशा इंजिनातील चांगले चालणारे फेरफार तसेच राखतो, निकामी भाग तेवढे बदलतो, आणि काढलेला प्रत्येक भाग, अगदी जुन्या ब्रिटिश आट्यांचा झिजलेला स्क्रूसुद्धा, चिठ्ठी बांधून डब्यात ठेवतो. त्या चिठ्ठीवर तो कुठून काढला, का काढला आणि त्याच्या जागी काय बसवले हे लिहिलेले असते, म्हणजे पुढच्या मालकाला वेगळा निर्णय घ्यावासा वाटला तर तो घेता येईल.