आधी मोटर, मग बाकीचं

कोणत्या गाडीनंतर कोणती गाडी, हे दौंडकराला जन्मतःच कळतं. मनमाडकडून पुण्याला निघालेली गाडी दौंडात आली, की तिचं इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडायचं, हा आमच्या गावचा पिढीजात करमणुकीचा कार्यक्रम. पुढं कॉर्ड लाईन झाली आणि काही गाड्या आम्हांला वळसा घालून परस्पर जाऊ लागल्या. तरी वेळापत्रक म्हटलं, की नातेवाईक अजून माझ्याकडेच येतात.

गेल्या दिवाळीत शिरूरहून भाचा आला तो विषयांची यादी घेऊन. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष. उन्हाळ्यात रांजणगावच्या एमआयडीसीत इंटर्नशिप मिळवायची, तर कोणते विषय कोणत्या क्रमानं करावेत? मी बी.ए., मराठी घेऊन. विजेशी संबंध बिलापुरता. पण मामा झाल्यावर असल्या अडचणी आड येत नाहीत.

"मामा, आधी पीएलसी, मग इलेक्ट्रिक वाहनं. कंपन्यांना तेच लागतं."

"आणि खाली हे बारीक अक्षरात काय?"

"मशीन्स. मोटर, ट्रान्सफॉर्मर वगैरे. एटीकेटी लागलीय. काढू सवडीनं."

मी तीन रंगांत तक्ता करून दिला. आक्कानं तो देवघराशेजारी लावला.

पंधरा दिवसांनी आक्काचा फोन. रात्रीच्या विजेवर दाजींनी कांद्याला पाणी सोडलं होतं. मध्येच एक फेज गेला. मोटर बंद न पडता वेगळाच आवाज करू लागली. "अरे, तू इंजिनिअर ना? बघ जरा!" पोरगं बॅटरीच्या उजेडात फोनवर उत्तर शोधू लागलं. उत्तर सापडण्याआधी जळका वास आला.

सकाळी मोटर भरणाऱ्या सातवी पास कारागिरानं त्याला समजावलं, "तिघांचं ओझं दोघांवर आलं, की करंट वाढतो, तारा तापतात. त्यासाठीच तर स्टार्टरात ओव्हरलोड रिले असतो." रिले होता. पण सारखा ट्रिप होतो म्हणून दाजींनीच तार लावून तो डायरेक्ट केलेला!

मोटर भरायला वसतिगृहासाठी ठेवलेले पैसे गेले. दाजी पोराला एक शब्द बोलले नाहीत. तेच त्याला जास्त लागलं.

तो दौंडला आला. "मामा, तक्ता बदला. पीएलसी मोटरीला हुकूम सोडतो. पण मोटरच कळली नाही, तर हुकूम कुणाला सोडायचा?" मी तक्त्याचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडलं : आधी मशीन्स, मग पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, मग ड्राइव्ह्ज, शेवटी पीएलसी.

एटीकेटी सुटली. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "चालत्या थ्री-फेज मोटरीचा एक फेज गेला तर?"

"सर, कांदा वाळतो," भाचा बोलून गेला. मग मात्र उरलेलं सगळं बिनचूक सांगितलं.

इंटर्नशिप मिळाली. पहिल्या दिवशी कंपनीत जाण्यापूर्वी तो विहिरीवर गेला आणि रिलेला लावलेली तार काढून आला. दाजी शेजारी उभे होते. या खेपेला बॅटरी त्यांनी धरली होती.