जोडलेली केबल आणि न दिसणारें चित्र

लॅपटॉपच्या कडेस एचडीएमआय नांवाचें जें पोर्ट असतें, त्यांत केबल खोवली व तिचें दुसरें टोंक टी.व्ही.स लावलें, कीं टी.व्ही.वर चित्र यावयाचेंच, अशी बहुतेकांची समजूत असते. नळास रबरी नळी जोडली म्हणजे पाणी यावें, तशी. परंतु वस्तुस्थिति तशी नाहीं. नळ हा नळीस कांहीं विचारीत नाहीं. लॅपटॉप मात्र पलीकडच्या टी.व्ही.स आधीं विचारतो, आणि उत्तर आल्यावांचून सहसा चित्राचा एक ठिपकाही सोडीत नाहीं. हें उत्तर न आलें म्हणजे आपण केबल काढून पुनः घालीत बसतों, ती हलवितों, फुंकर मारतों. शाळेच्या सभागृहांत प्रोजेक्टरपुढें ही धांदल वाचकांपैकीं अनेकांनीं पाहिलीच असेल.

या प्रश्नोत्तराची रीत मोठी मौजेची आहे. एचडीएमआयची पहिली नियमावली २००२ सालच्या डिसेंबरांत प्रसिद्ध झाली. तिच्या नेहमींच्या जोडणींत १९ टोंकें असतात. त्यांपैकीं पुष्कळशीं चित्र व आवाज वाहून नेतात. आम्हांस येथें चारांशींच कर्तव्य आहे. अठराव्या टोंकावरून लॅपटॉप ५ व्होल्टचा दाब टी.व्ही.कडे पाठवितो. टी.व्ही. तोच दाब एकोणिसाव्या टोंकावरून परत करतो, म्हणजे जणूं "ओ" देतो. मग पंधराव्या व सोळाव्या टोंकांवरून लॅपटॉप त्याची माहितीपत्रिका वाचून घेतो. १९९४ सालापासून प्रचारांत आलेली ही पत्रिका निदान १२८ बाइटांची असते, व तींत बनविणारा कोण, पडदा केवढा, किती ठिपक्यांचें चित्र त्यास मानवतें, हें सारें नोंदलेलें असतें. हीं टोंकें इतकीं बारीक कीं एक जरी वांकलें, तरी बाकी सर्व तारा धडधाकट असून चित्र मुळींच येऊं नये, असेंही घडतें.

हें सर्व आठवावयाचें कारण गेल्या पावसाळ्यांत घडलें. आमच्या शाळेंतून उत्तीर्ण होऊन अभियांत्रिकी पदविकेच्या पहिल्या वर्षांत शिकणारी एक मुलगी आपल्या वडिलांसह आमच्या घरीं आली. तिचा लॅपटॉप जुना, कोणाकडून तरी मिळालेला. तो मेजावरून पडून त्याच्या पडद्याचा उजवा अर्धा भाग काळा झाला होता. नव्या पडद्याचा खर्च झेपेना, म्हणून घरचा टी.व्ही. जोडून काम भागवावें असा तिनें बेत केला, पण टी.व्ही. लॅपटॉपास दिसेचना. एका दुकानदारानें पाहतांक्षणींच निकाल दिला, कीं पोर्ट जळलें, मदरबोर्ड बदलावा लागेल. त्यानें सांगितलेली रक्कम वडिलांच्या महिन्याच्या पगाराहून अधिक होती. परीक्षा आठ दिवसांवर आली होती, आणि आरेखनाचें सगळें काम त्या लॅपटॉपांतच अडकलेलें.

"मास्तर," वडील म्हणाले, "नवा घेण्याची ऐपत नाही. पण हा गेला तर पोरीचं वर्ष जाईल."

आम्ही दुसऱ्या दिवशीं त्यांच्या घरीं गेलों. प्रथम त्याच केबलनें सेटटॉप बॉक्स टी.व्ही.स जोडला, तों चित्र आलें. मग आमचा स्वतःचा लॅपटॉप जोडला, तेव्हांही आलें. एवढ्या दोन गोष्टींनीं केबल, टी.व्ही. आणि टी.व्ही.वर निवडलेला एचडीएमआयचा क्रमांक हीं तिन्ही संशयांतून सुटलीं. दोष लॅपटॉपांतच होता, हें ठरलें. विंडोजची कळ व पी ही कळ एकत्र दाबून चित्र दुसऱ्या पडद्यावर पाठविण्याचा हुकूम करून पाहिला. कांहीं झालें नाहीं. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, चालू करावयाचें बटण अर्धा मिनिट दाबून ठेवण्याचा एक लोकप्रिय उपाय आहे, तोही केला. त्यानेंही गुण आला नाहीं. पोर्टांत बॅटरीचा उजेड पाडून पाहिलें, तर टोंकें सरळ व स्वच्छ होतीं.

आतां प्रश्न एवढाच उरला, कीं पोर्ट मेलें आहे, कीं त्यास कोणी हांक मारीत नाहीं? दुकानदारानें पहिलें गृहीत धरलें होतें. आमच्या मतें येथेंच थांबून विचार करावयास पाहिजे होता; कारण पहिल्याचा उपाय महाग, दुसऱ्याचा फुकट, आणि दोहोंचें बाह्य लक्षण एकच.

याची परीक्षा करण्याचा एक चांगला मार्ग आहे. पेन ड्राइव्हवर उबंटू नांवाची प्रणाली भरून लॅपटॉप तीवरूनच सुरू करावा. "बसवा" न म्हणतां नुसतें "वापरून पाहा" म्हटलें, म्हणजे आंतल्या डिस्कवरील एका अक्षरासही धक्का लागत नाहीं. दोनतीन मिनिटें गेलीं, आणि टी.व्ही. एकदम उजळला! मुलगी ओरडली, "सर, आलं!" वडील मात्र गप्पच राहिले, टी.व्ही.वर चित्र आलें खरें, पण त्यांत आपल्या मुलीचें काम नाहीं, हें त्यांच्या लक्षांत आलें होतें. तरी मदरबोर्डाचा प्रश्न त्या क्षणीं मिटला. ज्या पोर्टांतून एका प्रणालीखालीं चित्र बाहेर पडतें, तें जळलेलें नव्हे.

मग विंडोज का बोलेना? कांहीं लॅपटॉपांत चित्र काढणाऱ्या दोन चिपा असतात. एक मुख्य प्रोसेसरमध्येंच असते. ती वीज कमी खाते व घरचा पडदा सांभाळते. दुसरी निराळी, अधिक बळकट, जड कामापुरती जागी होणारी. अशा पुष्कळ लॅपटॉपांत एचडीएमआय पोर्टाच्या तारा या दुसऱ्या चिपकडे गेलेल्या असतात. म्हणून दुसरीचा ड्रायव्हर, म्हणजे तिच्याशीं प्रणालीचें बोलणें करून देणारा दुभाषी, नसला तर घरचा पडदा व्यवस्थित चालतो आणि पोर्ट मेल्यासारखें पडून राहतें. चौकशी करतां कळलें, कीं लॅपटॉप त्यांच्या हातीं येण्यापूर्वीं त्यांतील प्रणाली पुसून नवी घातलेली होती.

डिव्हाइस मॅनेजर उघडला. अर्धा पडदा काळा, तेव्हां विंडोजची कळ व डावा बाण दाबून प्रत्येक खिडकी उजेडाच्या बाजूस आणावी लागे. यादींत पाहतों तों दुसऱ्या चिपपुढें पिवळा त्रिकोण, त्यांत उद्गारचिन्ह! लॅपटॉपच्या पोटावरील चिकटपट्टीवर मॉडेलचा क्रमांक होता. तो घेऊन बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नेमका ड्रायव्हर मुलीनें आपल्या फोनच्या इंटरनेटवर उतरवून घेतला व स्वतःच बसविला. आम्ही शेजारीं नुसते बसून होतों. लॅपटॉप पुनः सुरू झाला, आणि तिचें अर्धवट राहिलेलें आरेखन टी.व्ही.च्या मोठ्या कांचेवर उभें राहिलें.

विद्यार्थ्यांस येथें एक सांगून ठेवतों. पुष्कळ नव्या लॅपटॉपांत चित्रासाठीं टाइप-सी पोर्ट वापरतात; पण बाहेरून अगदीं सारखीं दिसणारीं दोन टाइप-सी पोर्टें गुणांनीं सारखीं असतीलच असें नाहीं. एकांतून चित्र जातें, दुसऱ्यांतून केवळ वीज व माहिती. तेथें शोधाशोध करण्यापूर्वीं लॅपटॉपची माहितीपुस्तिका वाचावी. आणि पालकांस विनंती, कीं विजा चमकत असतां डिशच्या वा केबलच्या तारेशीं जोडलेल्या टी.व्ही.स लॅपटॉप लावूं देऊं नये. त्या वाटेनें पोर्ट खरोखरच जळतें.

परीक्षेचे आठही दिवस तो टी.व्ही. मुलीच्या ताब्यांत होता. लॅपटॉप चौरंगावर, ती त्याच्यापुढें मांडी घालून, आणि मागें पलंगावर तिची आजी. आपली मालिका बुडाली म्हणून आजीनें प्रथम कुरकुर केली, पुढें मात्र ती रेघांकडेच पाहत बसे व मधूनच विचारी, "बाय, हे चाक फिरणार कधी?"