एअर फिल्टरमध्ये वाचवलेले २८० रुपये

सोयाबीनच्या मळण्या आता आठ-दहा दिवसांवर आल्यात. हडंबा सुरू झाला की पिकअप दिवसभर भुसकटात उभी, आणि तिथून पुढे पांदणीतला फुफाटा. म्हणून आज पिकाचं नाही, गाडीच्या एअर फिल्टरचं लिहितो. यात माझीच चूक आहे, ती लपवत नाही.

गेल्या उन्हाळ कांद्याच्या ऐन काढणीत आमची पिकअप ऑइल खायला लागली. आधी वाटलं कुठून तरी गळत असेल. खाली पुठ्ठा टाकून पाहिला, थेंब नाही. मग सकाळी चालू करताना निळसर धूर दिसायला लागला, आणि भरलेली गाडी चढाला ओढेना. डिपस्टिक काढली तर नळीतून भकाभका वाफ बाहेर. मेस्त्रीने एवढंच बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, रिंगा गेल्या. खोलावं लागेल."

गाडी चालवतो माझा धाकटा चुलतभाऊ. त्याची एक सवय होती. दर आठ दिवसांनी पंक्चरवाल्याकडे जायचं, फिल्टर काढायचा, टायरला हवा भरायच्या नळीनं फुंकायचा आणि परत बसवायचा. मी त्याला दोनदा टोकलं होतं. त्यामुळे मेस्त्रीच्या तोंडून "धूळ गेली आत" हे ऐकलं आणि मी तिथंच, चार माणसांत, त्याला नको ते बोललो. तो काही बोलला नाही. चावी ठेवली आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी इंजिन खोललं. मेस्त्रीने मला बोलावून आधी फिल्टरच दाखवला. अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन आत बॅटरी लावली आणि बाहेरून गोल फिरवून पाहिलं. कागदाला कुठं भोक असेल तर उजेडाचा ठिपका दिसतो. एकही दिसला नाही. मग फिल्टरच्या डब्यातून इंजिनाकडे हवा जाते त्या तोंडावर त्यानं ओलं बोट फिरवलं. एका बाजूला मातीची चंद्रकोरीसारखी रेघ होती. पुढे टर्बोच्या पात्यांच्या कडाही झिजलेल्या. तो आत गेला आणि दुसऱ्या तशाच गाडीचा जुना, कंपनीचा फिल्टर घेऊन आला. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी उभे केले. माझा फिल्टर चार मिलिमीटर बुटका होता.

तो फिल्टर मी आणला होता. दुकानदार म्हणाला होता, "हाच बसतो, सगळे हाच नेतात." २८० रुपये स्वस्त मिळाला म्हणून मी खूश. डब्याची झाकणं बसली, क्लिपा लागल्या, वरून सगळं बरोबर. पण उंची कमी असल्यामुळे रबराची कडी तोंडावर दाबली जातच नव्हती. हवा कागदातून कशाला जाईल? बाजूनं सोपी वाट असताना ती तिथूनच जाणार. पाटाला भगदाड असेल तर पाणी सरीत जातं का?

इंजिनाचा खर्च ६२ हजार. वर काढणीत अकरा दिवस भाड्याची गाडी लावून कांदा बाजार समितीत नेला, ते वेगळं.

चुलतभावाची फुंकायची सवय बरोबर होती असं मात्र नाही. कागद शाबूत राहिला हे नशीब. टायरच्या नळीतला दाब या कागदाला फार होतो, तंतू फाटतात. शिवाय दरवेळी डबा उघडला की थोडी धूळ स्वच्छ बाजूला पडतेच. आपटून झाडल्यानं घड्या वाकतात. आणि एक गोष्ट मला नवीन होती. किंचित मळलेला कागदी फिल्टर नव्यापेक्षा बारीक गाळतो. अडकलेली धूळच पुढच्या धुळीला अडवते. उगाच फुंकून चकाचक करण्यात तोटाच आहे. फार तुंबला की ओढ कमी होते, काळा धूर येतो, तेव्हा तो बदलायचाच असतो.

धुळीनं एवढं कसं होतं, तर हा हिशेब बघा. एक लिटर डिझेल नीट जळायला अंदाजे दहा हजार लिटर हवा तरी लागतेच. डिझेल इंजिन प्रत्यक्षात त्याहून जास्त ओढतं. म्हणजे आपला फवारणीचा २०० लिटरचा ड्रम धरला, तर लिटरमागं ५० ड्रम हवा. दिवसाला आठ लिटर जळलं की ४०० ड्रम. एवढ्या हवेत चिमूटभर फुफाटा बाजूनं गेला तरी रोज जातोय. आणि त्या धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात. खनिजांच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर गारगोटी ७ वर आहे, काचेवर ओरखडा काढते. डोळ्याला दिसणारा मोठा खडा फिल्टरच्या डब्यातच खाली पडतो. घात करतात ते डोळ्याला न दिसणारे, पाच ते वीस मायक्रॉनचे कण. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, त्यावरून अंदाज घ्या. रिंग आणि लायनरमधल्या तेलाच्या थरात ते शिरतात आणि पॉलिश पेपरसारखे घासत बसतात.

मग नवीन घेताना काय केलं ते सांगतो. जुना फिल्टर फेकला नाही, पण तो तर बुटका, मापाला उपयोगाचा नाही. म्हणून गाडीच्या पुस्तकातून पार्ट नंबर काढला आणि मेस्त्रीकडच्या कंपनीच्या फिल्टरची उंची, बाहेरचा व्यास, आतल्या भोकाचा व्यास कागदावर लिहून घेतला. दुकानात स्टीलची पट्टी घेऊन गेलो. दुकानदार हसला. हसू दे.

त्यानं तीन डबे काढले. एक गाडीच्या कंपनीचा, सगळ्यात महाग. दुसरा फिल्टरच बनवणाऱ्या एका जुन्या कंपनीचा, नंबर छापलेला. तिसऱ्यावर नंबरच नाही, नुसतं गाड्यांच्या नावांची यादी. मी दुसरा घेतला. गाडी बनवणाऱ्या कंपन्याही फिल्टर बहुधा अशाच कारखान्यांतून करून घेतात, त्यामुळे माप आणि काम बरोबर असेल तर तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज मला वाटली नाही. कुणाला कंपनीचाच घ्यायचा असेल तर त्यात चूक नाही. तिसरा मात्र फुकट दिला तरी नको.

हातात घेऊन बघितलं ते असं : घड्या सारख्या अंतरावर आहेत का, कुठं दोन चिकटल्यात का, दोन्ही टोकांना डिंक सगळीकडे भरलाय का. रबराची कडी अंगठ्यानं दाबली की मऊ हवी आणि सोडल्यावर परत यायला हवी. कडक, प्लॅस्टिकसारखी लागली तर परत ठेवा. बिलावर पार्ट नंबर लिहून घेतला. उद्या भांडायचं झालं तर कागद हातात हवा.

भाचा म्हणत होता, धुवून वापरायचा कापडी फिल्टर घे, आयुष्यभर चालतो. तो तेल लावून बसवतात, हवा जास्त सोडतो, पण बारीक धूळही कागदापेक्षा जास्त सोडतो. तेल जास्त झालं तर हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं, तो खर्च वेगळा. हायवेवर हौस म्हणून ठीक असेल. हडंब्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीला नको.

बसवायच्या आधी डबा ओल्या फडक्यानं आतून पुसला. फुंकला नाही. रबरी पाइपाला चीर आहे का ते वाकवून बघितलं, क्लॅम्प आवळले. चांगला फिल्टर आणि पाइप फुटका, तर सगळं तेच. पाचशे किलोमीटर झाल्यावर परत पाइप काढून आत पांढरं फडकं फिरवलं. फडकं पांढरंच निघालं, तेव्हा कुठं झोप लागली. फिल्टरवर मार्करनं तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवलेत. पुस्तकातला बदलायचा आकडा चांगल्या रस्त्याचा असतो. आमच्या पांदणीला मी त्याचा निम्मा धरतो.

मळणीच्या वेळी गाडी हडंब्याच्या वाऱ्याच्या वरच्या अंगाला लावा आणि भरताना बंद करा, एवढं ड्रायव्हरला सांगा. ट्रॅक्टरला ऑइल बाथ फिल्टर असेल तर भांड्यातलं तेल खुणेपर्यंतच भरा, गाळ साचला की बदला. त्याचं पुन्हा कधीतरी लिहीन.

चुलतभावाकडे मी त्याच संध्याकाळी गेलो होतो. वहिनीनं चहा दिला, तो गोठ्यातून बाहेर आलाच नाही. शेवटी मीच गोठ्यात गेलो आणि फिल्टर चार मिलिमीटर बुटका निघाल्याचं सांगितलं. तो म्हैस पिळत होता. म्हणाला, "दादा, त्या दिवशी माणसं होती तिथं." मी म्हटलं, हो, होती. गाडी परत आल्यावर चावी त्याच्याचकडे दिली. त्या दिवशी तिथं होते त्यातले दोघं-तिघं हे पेज वाचतात, म्हणून इथंही लिहितोय : फिल्टर मी आणला होता, त्यानं नाही.