ऑइल वाढलं म्हणून मी खूष झालो होतो



परवा निलंग्याकडच्या एका पोराचा फोन आला. "काका, तुमच्या ट्रॅक्टरला तुम्ही टर्बो बसवला होता म्हणे. किती एचपी वाढला?" त्याला म्हटलं, बाबा, वाढला होता, खोटं बोलत नाही. पण पुढचं ऐकायला वेळ आहे का? त्याला नव्हता. म्हणून इथं लिहून ठेवतो. दहावी शिकलेला माणूस आहे, कुठं चुकलं तर जाणकारांनी दुरुस्त करावं.

माझा ट्रॅक्टर 39 एचपीचा, तीन सिलेंडरचा. 2013 च्या दिवाळीत घेतला. त्याआधी आबांची देवणी बैलजोडी होती, वानेरा, पांढरीफेक आन् तोंडावर काळं. जोडी विकली त्या दिवशी आबा जेवले नाहीत, ते वेगळं. बैलाचं एक होतं, त्याला ओढवेनासं झालं की तो खाली बसायचा. मारलं तरी उठायचा नाही. इंजिन बसत नाही, त्याला जेवढं पाजाल तेवढं ते पळतं. हे मला लई उशिरा कळलं.

2021 चा उन्हाळा. थोरला नुकता भाड्याचं काम बघायला लागला होता. गावात दोघांनी 50 च्या वरचे ट्रॅक्टर आणले, सहा फुटी रोटाव्हेटर लावून एकर पाऊण तासात उरकायचे. आमचा पाच फुटी, सव्वा तास. आमची देवणीकडची काळी भारी जमीन, ढेकूळ म्हणजे दगड. गिऱ्हाईक तिकडं वळायला लागलं. पोरगं रात्री मोबाईलवर पंजाबातले टोचनचे व्हिडिओ बघायचं, दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून ओढाओढी, सायलेन्सरमधून काळा लोट. (तिकडं पुढं ऑक्टोबर 2023 मध्ये ट्रॅक्टरच्या कसरतींवर सरकारनंच बंदी घातली, गुरदासपूर जिल्ह्यात एक तरुण ट्रॅक्टरखाली गेला तेव्हा.) एक दिवस म्हणाला, "अण्णा, आपलं इंजिन तेच हाय, कंपनी नुसता पंप कमी करून देती. पंप वाढवू, टर्बो टाकू, 50 ला 50 मिळतंय."

यात थोडं खरं आहे म्हणून माणूस फसतो. एकाच मापाचं इंजिन कंपन्या दोन-तीन वेगवेगळ्या एचपीत विकतात हे बरोबर. पण त्यात नुसता पंपाचा फरक असतो असं नाही. जास्त एचपीच्या मॉडेलला बऱ्याचदा रेडिएटर मोठा, क्लच प्लेट मोठी, पिस्टन वेगळा, पिस्टनला खालून ऑइलची पिचकारी मारणारी नळी, गिअर जाड असं काही ना काही असतं. आपल्याला बॉनेटवरचा आकडा दिसतो, आतलं दिसत नाही.

एका मिस्त्रीकडं गेलो. डिझेल पंपावर कंपनीचं सील असतं, तार आन् शिशाची गोळी. मिस्त्री म्हणाला, सील मी तोडत नाही, मालकानं तोडावं. मी पक्कड घेतली आन् माझ्या हातानं तार कापली. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

त्यानं पंपाचा डिझेलचा माप वाढवला. भंगारातल्या एका गाडीचा टर्बो आणला, लेथवर पट्टी करून मॅनिफोल्डला जोडला, ऑइलची नळी काढून दिली. सगळं मिळून साडेअठरा हजार. वर मी सहा फुटी जुना रोटाव्हेटर घेतला.

टर्बोचं काम समजून घ्यायला सोपं आहे. धुरासोबत जी गरमी आन् जोर वाया जातो, त्यावर एक पंखा फिरतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या बाजूला दुसरा पंखा, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात घालतो. हवा जास्त आली की जास्त डिझेल जाळता येतं. एचपी म्हणजे शेवटी जळालेलं डिझेलच. एक लिटर डिझेल बरं इंजिन असलं तर साधारण साडेचार एचपी तासभर देतं. पण डिझेलला हवाही लागते, एक किलो डिझेल पुरतं जाळायला साडेचौदा किलोच्या आसपास, आन् धूर न होता जाळायचं तर त्याहून बरीच जादा. आमच्याकडं डिझेल आधी वाढलं, हवा मागनं. इंजिन कमी फेऱ्यांवर असताना टर्बो फिरतच नाही नीट, डिझेल मात्र वाढीव माप पडतंच. सायलेन्सर काळं ओकायचा आन् पोरगं म्हणायचं, "बगा अण्णा, दम मारलालाय!"

आन् दम होता, राव. खोटं कशाला सांगू. माझ्या वहीत नोंद आहे. आधी पाच फुटी रोटाव्हेटरनं एकराला सव्वा तास आन् 6 लिटर. नंतर सहा फुटीनं एकराला 52 मिनिटं, डिझेल पावणेसात ते सात लिटर. म्हणजे एकरी लिटरभर जादा, पण दिवसाला दोन-तीन एकर जादा. डिझेल तेव्हा नव्वदीच्या पुढं, भाडं एकरावर, तरी हिशोब जमत होता. त्या उन्हाळ्यात आम्ही चार पैसे कमावले. माझी कॉलर ताठ झाली होती. पारावर कुणी विचारलं की मी मुद्दाम रेस करून दाखवायचो.

खुणा सगळ्या मिळत होत्या, मी उलट्या वाचल्या. पाण्याचा काटा चढायचा, मी म्हणायचो ऊन आहे. क्लचचा वास यायचा, मी म्हणायचो पोरगं पाय ठेवतंय. आन् सगळ्यात मोठी खूण ऑइलची. जुना ट्रॅक्टर, दर पंधरा दिवसाला पावशेर-अर्धा लिटर ऑइल घालावं लागायचं. पंप वाढवल्यावर घालावंच लागेना. एक दिवस काडी काढून बघतो तर वरच्या खुणेच्या वर. मला आनंद झाला. पोराच्या आईला सांगितलं, इंजिन जवान झालं, ऑइल पीत नाही.

ते ऑइल नव्हतं मंडळी, डिझेल होतं. न जळालेलं डिझेल लायनरची भिंत धूत रिंगांच्या बाजूनं खाली उतरायचं आन् ऑइलात मिसळायचं. ऑइल पातळ झालं, बेअरिंग आन् लायनर कोरडे पडायला लागले. कुणाच्या ट्रॅक्टरचं ऑइल न घालता वाढत असेल तर काडीचा वास घ्या, चिमटीत चोळून बघा, एक थेंब वर्तमानपत्राच्या कागदावर टाका. मधल्या काळ्या डागाभवती फिक्कट ओला वेढा लांबवर पसरत गेला तर ट्रॅक्टर उभा करा आन् पंप-नोझल दाखवा. पाणी उतरलं तरी पातळी वाढते, पण तेव्हा ऑइल दुधाळ होतं.

आता मूळ घटना. त्या वर्षी सप्टेंबर संपता संपता गुलाब चक्रीवादळाचा पाऊस झाला, तो आठवत नसेल असा माणूस लातूर-नांदेडात नाही. मांजरा धरणाचे दरवाजे उघडले, नदीकाठची रानं पाण्याखाली, काढलेलं सोयाबीन गंजीतच उगवलं. पुढं कितीतरी दिवस रानात पाय घालता येईना. मग वाफसा आला तो सगळ्यांच्या रानाला एकदमच. काळ्या रानाचा वाफसा म्हणजे चार-पाच दिवसांचा खेळ, अलीकडं चिखल, पलीकडं ढेकूळ. हरभऱ्यासाठी ज्याला त्याला रोटाव्हेटर पाहिजे. मी बारा जणांचे शब्द घेतले. त्यात एक आमची चुलत वहिनी, भाऊ वारल्यावर एकटी तीन एकर करणारी. तिला म्हटलं, तुझं तिसऱ्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ओल्या रानात खोल लावून चालू होतं. पोरगं बसलं होतं. फोन आला, "अण्णा, इंजिन गरम होलालंय आन् आवाज बदललाय." मी म्हटलं, एवढं तास उरकून घे. ते तास उरकलं नाही. खट्ट झालं आन् जागेवर जाम.

खोलल्यावर बघितलं, मधल्या सिलेंडरचा पिस्टन वरून खाल्ल्यासारखा, कडेला वितळून लायनरला चिकटलेला. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशाला वितळतं आन् आतली आग त्याच्या कितीतरी वर. पिस्टन टिकतो तो रिंगा, लायनर, पाणी आन् ऑइल गरमी ओढून नेतात म्हणून. आम्ही आग वाढवली आन् गरमी नेणारं ऑइल पातळ केलं. लायनर-पिस्टनचे तिन्ही संच, हेड, क्रँक घासणं, बेअरिंग, क्लच प्लेट, पंप पुन्हा बांधणं, 78 हजार. टर्बो परत भंगारात, 900 रुपयाला.

पैशाचं जाऊ द्या. मला दोन गोष्टी अजून टोचतात. एक, त्या दिवशी रानात दहा माणसं गोळा झाली आन् मी सगळ्यांसमोर पोराला बोललो. "याच्या नादानं झालं" म्हणालो. सील माझ्या हातानं तोडलेलं, तास उरकून घे म्हणणारा मी. पोरगं काही बोललं नाही. दोन दिवस जेवलं नाही, महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोललं. दुसरी, वहिनीचं रान. वाफसा गेला, दुसरा ट्रॅक्टर तिला कुणी दिला नाही, ज्याचं त्याला पडलेलं. पाणी देऊन रान भिजवून पेरलं तेव्हा नोव्हेंबर संपत आला होता. त्या साली माझ्या रानात एकरी सात क्विंटल हरभरा झाला, तिला चार. तिनं एका शब्दानं विचारलं नाही.

ट्रॅक्टर बांधून आल्यावर मग अक्कल आली आन् मी उलटा हिशोब लावला. एचपी जातो कुठं? कृषी खात्यातले एक ओळखीचे साहेब आहेत, त्यांनी बुदनीचा अहवाल दाखवला. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे, तिथं मॉडेलची ताकद, डिझेल, ओढ सगळं मोजून छापतात. ट्रॅक्टर घेताना बॉनेट बघण्याऐवजी तो अहवाल मागावा. त्यात पीटीओची ताकद वेगळी दिलेली असते आन् ती इंजिनाच्या आकड्यापेक्षा कमी असते. नांगर ओढायला मिळते ती आणखी कमी, कारण चाक रानात घसरतं.

ही घसर आम्ही बापलेकांनी मोजली. मागच्या चाकावर खडूची खूण केली. नांगर उचलून, त्याच रानात, चाकाच्या दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर 39 मीटर गेला. नांगर लावून दहा फेऱ्यांत 31 मीटरच. म्हणजे पाचवा हिस्सा जाग्यावर माती उकरण्यात. टायरची नक्षी गेलेली होती, मागं वजन नव्हतं. टायर बदलले, ट्यूबमध्ये पाणी भरलं. पुन्हा मोजलं, 34 मीटर. घसर वीस टक्क्यांवरून तेरावर आली. शून्य करायला जाऊ नका, मातीत थोडी घसर लागतेच, आन् जादा वजनानं जमीन दाबते. पेरणीच्या वेळी पाणी कमी करावं.

एअर क्लीनर उघडला तर ऑइलच्या वाटीत चिखल. म्हणजे इंजिनाला हवा कमी पडत होती ती पहिल्यापासूनच, आन् आम्ही वरून डिझेल वाढवत होतो! आता रोटाव्हेटरच्या धुळीत रोज वाटी बघतो. नोझलचं प्रेशर तपासून घेतलं, वाल्वच्या फटी नीट केल्या, पंप यंत्रावर लावून कंपनीच्या मापाला आणून सील केला. सहा फुटी रोटाव्हेटर विकला. पाच फुटीला नवी पाती लावली आन् खोली एक इंच कमी केली, हरभऱ्याला तेवढी पुरते. एकराला आता एक तास पाच मिनिटं, डिझेल साडेपाच लिटर. 52 मिनिटं काही परत आली नाहीत. मोठ्या ट्रॅक्टरशी बरोबरी होत नाही, कामं कमी मिळतात, हेही खरंच आहे.

कायद्याचं दोन ओळीत सांगतो. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. आरसी बुकात जे लिहिलंय त्याच्याशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, इंजिन बदलायचं तरी परवानगी लागते. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही या कलमाचा असाच अर्थ सांगितला. अपघात झाला आन् विमावाल्यानं इंजिन तपासायला मागितलं तर तुमच्याकडं उत्तर पाहिजे. 50 एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना 1 जानेवारी 2023 पासून धुराचे नवे नियम लागले, त्यातल्या बऱ्याच इंजिनांत डिझेल आता संगणक सोडतो. त्यालाही चिप बसवून एचपी वाढवून देणारे आहेतच. पक्कड लागत नाही एवढाच फरक.

पोराशी बोलणं सुरू झालं ते त्या खडूच्या खुणेपासून. मी फेऱ्या मोजत होतो, ते टेप धरून पळत होतं. मध्येच म्हणालं, "अण्णा, सील तुमीच तोडलं होतं." मी म्हटलं, व्हय. एवढंच झालं.

आता दर रब्बीला वाफसा आला की पहिला ट्रॅक्टर वहिनीच्या तीन एकरात जातो. भाडं घेणार नाही म्हणून सांगितलंय. ती ऐकून घेते आन् काम झाल्यावर डिझेलचे पैसे पदरातून काढून टूलबॉक्समध्ये टाकून जाते.